हरियाणात बेट उगवत नाही

अंदमान-निकोबारच्या दक्षिण टोकाच्या ग्रेट निकोबार बेटावरच्या प्रकल्पाचा वाद ऐकताना वाटतं, दोन्ही बाजू एकाच कासवाच्या पाठीवर बसून भांडतायत. एक म्हणते, गॅलाथिया खाडीच्या वाळूत अंडी घालायला येणारं महाकाय लेदरबॅक कासव परागंदा होईल. दुसरी विचारते, मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी आपली जमीन असताना एका कासवापायी तिथं बंदर बांधायचं नाही की काय? मग पहिली बाजू तिथला मेगापोड पक्षी पुढं करते, दुसरी चीनचं नाव घेते आणि चर्चेची वेळ संपते. 2022 साली मंजुरी मिळाली तेव्हा बंदर, विमानतळ आणि नवं नगर असा हा प्रकल्प सुमारे 72 हजार कोटींचा म्हणून सांगितला गेला. त्यासाठी 130.75 चौरस किलोमीटर जंगल, सरकारी भाषेत, ‘वळतं’ व्हायचं आहे, आणि त्या बदल्यात झाडं लागायची आहेत ती हरियाणात. मध्यंतरी अशाच एका चर्चेनंतर चहाच्या टेबलापाशी एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, “अहो, त्या बेटावरचे किडेमकोडे तरी कुठून आले? वाहतच आले ना? पुन्हा येतील वाहत.” हसून सोडून द्यावं असं ते वाक्य होतं. मला ते सोडता येईना, कारण त्यातला पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. बेटाची किंमत त्यावरच्या देखण्या प्राण्यांच्या यादीवरून ठरवण्याची चूक प्रकल्पाचे समर्थक करतात, आणि विरोधकही करतात. यादी आली की सौदा आला: इतकी कासवं, इतके पक्षी, इतकी झाडं, अमुक इथून उचलू, तमुक तिथं लावू. बेट म्हणजे काय चीज आहे हे कळायचं असेल तर ज्यांना उडताच येत नाही अशा कीटकांकडे बघावं. बेटावर पोचणं वाटतं तितकं अवघड नाही, हे ते दाखवतात. आणि पोचल्यानंतर जे घडतं ते मात्र एकेका डोंगरसोंडेला, एकेका ओढ्याच्या पाचोळ्याला असं चिकटलेलं असतं की त्याचा मोबदला दुसऱ्या कुठल्याही जमिनीत देता येत नाही, हेही तेच दाखवतात.

आधी त्या गृहस्थांचा खरा अर्धा भाग. पॅकिरिंकस नावाचे सोंड्या भुंगेरे आहेत. तांदळात होणारे सोंडे किंवा माडाच्या मुळावर उठलेला सोंड्या भुंगा यांच्याच अफाट गोतावळ्यातले, पण रूप असं की सोनाराने मीनाकाम करून ठेवावं. काळसर पाठीवर निळे, हिरवे, सोनेरी ठिपके. त्यांची वरची पंखजोडी एकमेकींना सांधली जाऊन तिचं चिलखत झालंय. उडायचे पंख गेलेले. चिलखत इतकं टणक की सरडा त्यांना तोंडात धरतो, चावून बघतो आणि थुंकून टाकतो. फिलिपीन्सची बेटं, तिथून उत्तरेला बातानेस, पुढे तैवानजवळची लान्यू आणि ल्यूदाओ, आणि थेट जपानच्या दक्षिण टोकाची बेटं, अशी ही रांग पसरली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तादाओ कानो नावाच्या जपानी अभ्यासकाने लान्यूवर बराच काळ काम केलं. बेट जेमतेम 45 चौरस किलोमीटरचं, तैवानच्या जवळचं. पण त्याच्या ध्यानात आलं की इथल्या भुंगेऱ्यांची सोयरीक शेजारच्या तैवानशी नाही, दक्षिणेच्या फिलिपीन्सशी आहे. आशियाई आणि ऑस्ट्रेलियाई प्राणिसृष्टी वेगळी करणारी, बाली आणि लोंबोक यांच्यामधून निसर्ग अभ्यासक वॉलेसने ओढलेली प्रसिद्ध रेषा उत्तरेकडे वाढवून लान्यू आणि तैवानच्या मधून न्यावी असं कानोने सुचवलं. 1945 मध्ये तो बोर्निओत बेपत्ता झाला, तो सापडला नाही. त्याचा प्रश्न मात्र उरला: ज्याला उडता येत नाही आणि पोहताही येत नाही, तो समुद्र ओलांडतो कसा?

उत्तर 2018 मध्ये तैवानच्या संशोधकांनी अक्षरशः समुद्रात सोडून पाहिलं. आपल्या कोकणात खाड्यांच्या काठाने समुद्रफळाची झाडं असतात. त्यांचं एक मोठं भावंड उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर वाढतं. त्याचं फळ चौकोनी पेटीसारखं असतं आणि नारळासारखं तरंगतं. या भुंगेऱ्यांच्या अळ्या त्या फळात वाढू शकतात. संशोधकांनी अळ्या असलेली फळं खाऱ्या पाण्यात आणि फिलिपीन्सकडून तैवानमार्गे जपानकडे वाहणाऱ्या प्रत्यक्ष कुरोशिओ सागरी प्रवाहात 6 दिवस तरंगत ठेवली. 18 अळ्यांपैकी 2 जगल्या. प्रौढ भुंगेरे मात्र पाण्यात 2 दिवसांच्या पुढे एकही टिकला नाही. म्हणजे चिलखतवाला योद्धा बुडतो आणि फळाच्या गरात झोपलेलं पोर पैलतीराला लागतं. 18 पैकी 2 ही परीक्षेत नापासाची टक्केवारी आहे खरी, पण निसर्गाच्या हातात लाखो वर्षं असतात. अशी फळं दर पावसाळ्यात, दर वादळात समुद्रात पडत असतात; लाख वर्षांत एखादं योग्य वाळूवर लागलं तरी पुरतं.

मग गृहस्थ जिंकलेच की! वाहत आले, वाहत येतील. इथंच एक जुना वाद आठवतो, कारण तोही असाच अर्धवट लढला गेला होता. 1859 साली डार्विनने कीटक अभ्यासक वॉलस्टनच्या नोंदींवरून लिहिलं की अटलांटिकमधल्या मदेरा बेटावरच्या 550 जातींच्या भुंगेऱ्यांपैकी 200 जातींना उडता येत नाही. कारण काय? डार्विन म्हणाला, वारा. जे उडाले ते समुद्रात फेकले गेले. जे आळशी, ते वाचले. कल्पना इतकी चित्रमय होती की पुढची कित्येक वर्षं ‘बेट म्हणजे पंख गळणं’ हे समीकरणच झालं, आणि त्याला चिकटून दुसरंही: बेटावरचे जीव म्हणजे लाडावलेले, दुबळे, तसेही जगायच्या लायकीचे नसलेले. डोडोची गोष्ट त्याला फोडणी म्हणून होतीच. पण 1943 मध्ये फिलिप डार्लिंग्टनने जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की पंख गमावलेल्या जाती मुख्य भूमीवरच्या डोंगरांतही भरपूर आहेत. 1990 मध्ये डेरेक रॉफने आणखी मोठा आढावा घेतला आणि म्हटलं की समुद्री बेटांवर न उडणाऱ्यांचं प्रमाण मुख्य भूमीपेक्षा सरसकट जास्त नाहीच. वाऱ्याचा वाटा काही थंड, झोडपल्या जाणाऱ्या बेटांवर आहे, तो नाकारायचं कारण नाही. उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलाच्या तळाशी मात्र वारा पोचतो कुठे? तिथं खरा प्रश्न असतो तो स्थैर्याचा. घर वर्षानुवर्षं जागेवर राहणार असेल तर उडायच्या स्नायूंवर खर्च कशाला करायचा? तोच ऐवज अंड्यांत घालावा. उद्या पाणी आटणार असलेल्या डबक्यातल्या किड्याला पंख ठेवावेच लागतात. हजारो पिढ्या एकाच पाचोळ्यात काढलेल्याला ते ओझं होतं.

म्हणजे पंख नसणं हा दुबळेपणाचा दाखला नव्हे. ‘ही जागा फार काळ बदललेली नाही’ असा तो सातबाराच म्हणा ना, कीटकाच्या अंगावर लिहिलेला. आणि सातबारा हरियाणाच्या तलाठ्याकडे वर्ग होत नाही.

पोचल्यानंतर काय घडतं ते बघा. हवाईच्या जंगलात लाउपाला नावाचे रातकिडे आहेत, उडता न येणारे. त्यांच्या 38 जाती ओळखल्या गेल्या आहेत. दिसायला इतक्या सारख्या की जाणकारही गोंधळावा. फरक आहे तो नराच्या गाण्याच्या लयीत. एका सेकंदात किती ठोके, त्यावर मादी ओळखते की हा आपल्यातला की परका. हवाईचं सर्वात मोठं बेट भूशास्त्राच्या हिशेबात पाळण्यातलं, पाच लाख वर्षांहून लहान. तरी तिथं या रातकिड्यांच्या नव्या जाती दर दहा लाख वर्षांना चाराहून जास्त या वेगाने निघत असल्याचं 2005 मध्ये दाखवलं गेलं. संधिपादांमध्ये, म्हणजे कीटक, कोळी, खेकडे यांच्या गोतावळ्यात, इतका वेग त्याआधी कुणी नोंदलाच नव्हता. दक्षिण पॅसिफिकमधलं रापा बेट घ्या: क्षेत्रफळ सुमारे 40 चौरस किलोमीटर, आणि त्यावर मायोकॅलिस या एकाच घराण्यातल्या न उडणाऱ्या सोंड्या भुंगेऱ्यांच्या साठाहून अधिक जाती. आपल्या 130.75 चौरस किलोमीटरमध्ये अशी तीन रापा बसतात. हा आकडा मला झोपू देत नाही. कागदावर जे ‘बेटाचा फक्त सातवा भाग’ आहे, ते दुसऱ्या एका महासागरात साठ जातींचं अख्खं विश्व मावून उरेल एवढं आहे.

आणि ट्रायगोनॉप्टेरस. दोन-तीन मिलिमीटरचे, पाचोळ्यात राहणारे काळे भुंगेरे. मातीचा खडा वाटावा असे. यांना पंख नाहीतच, पण पायाच्या सांध्यात निसर्गाने चक्क नट-बोल्ट बसवला आहे: खुब्याच्या खोबणीत आटे, आणि त्यात फिरणारा स्क्रू. 2011 मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा इंजिनिअर मंडळींनीही तोंडात बोट घातलं. न्यू गिनीतल्या यांच्या 101 नव्या जाती 2013 मध्ये एका दमात जाहीर झाल्या. इतकी नावं आणायची कुठून? संशोधकांनी पापुआ न्यू गिनीची टेलिफोन डिरेक्टरी उघडून आडनावं घेतली. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाची गोष्ट याहून बोलकी. तिथं या घराण्यातली एकच जात माहीत होती, 1885 सालची. 2019 मध्ये त्यात एकदम 103 जातींची भर पडली. त्यांतल्या अनेक एकेका डोंगरापुरत्याच. हे भुंगेरे वॉलेसची रेषा पूर्वेकडून पश्चिमेला ओलांडून आलेले आहेत. म्हणजे समुद्र त्यांना अडवू शकला नाही. शेजारचा डोंगर मात्र अडवतो. समुद्रावर ओंडका मिळतो, प्रवाह मिळतो. दरी उतरून गरम, कोरड्या तळातून पलीकडे चढायला कोणी होडी देत नाही.

आता विचार करा, 2018 साली कुणी सुलावेसीच्या डोंगरावर प्रकल्प आणला असता आणि पर्यावरण अहवालात ‘या घराण्याच्या जाती: 1’ असं लिहिलं असतं, तर तो अहवाल खोटा ठरला असता का? नसता. उपलब्ध माहितीशी तो अगदी प्रामाणिक असता. प्रामाणिक यादीसुद्धा शंभरपटीने चुकू शकते, हा माझा यादीवरचा मूळ आक्षेप आहे.

समर्थकांचे मुद्दे मात्र फुसके नाहीत, आणि त्यांना ‘विकासांध’ म्हणून उडवणं मला पटत नाही. पहिला मुद्दा सामरिक. ग्रेट निकोबारला अंदमानच्या राजधानीपेक्षा सुमात्रा जवळ आहे. जगातला केवढा तरी व्यापार त्या टोकाखालून जातो. अशा जागी देशाची पक्की उपस्थिती असू नये असं म्हणणारा एकतर भाबडा किंवा बेफिकीर. मी हे मनापासून मान्य करतो. पण उपस्थिती म्हणजे नेमकं काय, याची फोड कोणी करायची? धावपट्टी, रडार, नौदलाचा धक्का यांना लागणारी जमीन वेगळी आणि लाखोंच्या वस्तीचं नगर, पर्यटन, कंटेनरचा धंदा यांना लागणारी वेगळी. सगळ्यावर एकच तिरंगा पांघरला की प्रश्न विचारणाराच संशयित ठरतो.

दुसरा मुद्दा जास्त अडचणीचा आहे: निसर्ग स्वतःच उलथापालथ करतो. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात बेटाच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली, गॅलाथियाचा किनारा वाहून गेला, आणि काही वर्षांत वाळू पुन्हा साचली, कासवंही परत आली. मग बंदरानेच काय घोडं मारलंय? याला जोडून इंडोनेशियातल्या क्राकातोआ या ज्वालामुखी बेटाचा दाखला येतो. 1883 च्या स्फोटात ते बेट भाजून निघालं. पुढच्या वर्षी मे महिन्यात गेलेल्या निसर्ग अभ्यासकाला जिवंत असा एक इवलासा कोळी दिसला. आणि काही दशकांत तिथं रान माजलं. हे सगळं खरं आहे. पण क्राकातोआवर आलं कोण? जावा आणि सुमात्रा चाळीसेक किलोमीटरवर. तिथून उडून, वाहून, पक्ष्यांच्या पोटातून आलेले, दोन्हीकडे सर्रास आढळणारे जीव. हिरवाई परतली, खरंय. स्फोटाआधी त्या राखेखालच्या पाचोळ्यात जे कुणी फक्त तिथलेच असतील, ते परतण्याचा प्रश्नच नव्हता, कारण परतायला ते दुसरीकडे कुठे असायला हवेत ना! फळातून तरंगत येणारी अळी पलीकडच्या बेटावरच्या जातीची असते. इथं आल्यावर ती इथली व्हायला लाख वर्षं घेते. चहाच्या टेबलावरच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग इथं कोसळतो. गाव जळालं आणि दुसऱ्या गावची माणसं येऊन राहिली तर वस्ती होते. जळालेली माणसं परत येत नाहीत. सुनामीचंही तेच. ती किनारा खाऊन गेली, वरच्या डोंगरसोंडांवरचा पाचोळा जागेवर राहिला. आराखडा किनाऱ्यावर थांबत नाही.

तिसरा मुद्दा: बाकीचं 85 टक्के बेट तर उरतंच आहे. हत्ती किंवा वाघ असता तर या युक्तिवादात दम होता. मोठा प्राणी सरकतो. न उडणारा कीटक सरकत नाही, आणि तो बेटभर सारखा पसरलेलाही नसतो. शंभर खोल्यांच्या वाड्यात पंधराच खोल्या पाडल्या हे समाधान तेव्हाच खरं, जेव्हा सगळ्या खोल्यांत एकच कुटुंब राहतं. शक्य आहे की कापायच्या पट्ट्यात फक्त तिथलंच असं काहीच नसेल. शक्य आहे की असेल. ते आधी पाहायची जबाबदारी कुऱ्हाड उचलणाऱ्यावर असायला हवी.

विरोधकांशीही माझं भांडण आहे. ‘नाजूक बेट’, ‘लाखो वर्षं अस्पर्श’ ही भाषा ऐकायला गोड असली तरी ती समर्थकांच्याच हातात कोलीत देते. नाजूक वस्तू काचेच्या कपाटात ठेवायची असते, आणि कपाट हलवता येतं. प्रवाळांच्या हजारो वसाहती उचलून दुसरीकडे लावायची योजना याच भाषेतून जन्मते. हे जीव नाजूक नाहीत हो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाउ नावाचं बेट आहे. तिथल्या पंज्याएवढ्या, पंख नसलेल्या काडीकिड्याचा 1918 मध्ये ‘माकाम्बो’ जहाज किनाऱ्याला लागून उतरलेल्या उंदरांनी काही वर्षांतच निर्वंश केला, असं सगळ्यांनी धरलं. 2001 मध्ये तो 23 किलोमीटरवरच्या बॉल्स पिरॅमिड या उघड्याबोडक्या सुळक्यावर सापडला. समुद्रातून उभा साडेपाचशे मीटरहून उंच दगड, त्यावर एका झुडपाच्या आसऱ्याने जेमतेम चोवीसेक जीव. याला नाजूक कोण म्हणेल? ऐंशी वर्षं तो एका झुडपावर तगला. त्याला हरवलं ते जहाजातून उतरलेल्या उंदरांनी. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या वेड्या मुंग्यांनी लाल खेकड्यांचा कोटीच्या घरात फडशा पाडला. कंटेनर बंदर म्हणजे हीच दारं रोज उघडी. विरोधकांनी कासवावर खर्च केलेल्या आवाजातला चौथा हिस्सा जरी ‘बोटीतून उतरणाऱ्या उंदीर-मुंग्यांची तपासणी कोण, कुठे, कशी करणार’ यावर लावला असता तर निदान एका अटीला तरी दात फुटले असते.

आपल्याकडे सह्याद्रीतल्या सड्यांची, म्हणजे कातळपठारांची, नोंद कागदोपत्री ‘पडीक’ अशी होते आणि कोणीतरी उत्साहाने तिथं वृक्षारोपण करतो, तेव्हा हीच चूक घरच्या घरी चालू असते: हिरवं दिसलं की भरपाई झाली. फरक इतकाच की सडा आपण चढून बघू शकतो.

ग्रेट निकोबारसाठी मी बंदी मागत नाही. माझी मागणी फार गद्य आहे. सोंड्या भुंगेरे शोधणारी माणसं पाठीवर एक चाळणी, एक पांढरं कापड आणि डब्या घेऊन जातात. ओढ्याच्या काठचा पाचोळा पसाभर घेऊन चाळतात, कापडावर पडलेलं वेचतात, पुढच्या सोंडेवर जातात, पुन्हा चाळतात. दोन-तीन पावसाळे हे काम करायला बंदराच्या एका क्रेनची किंमतही लागणार नाही. त्या नकाशावर मग रस्ता इकडून न्यायचा की तिकडून, नगर किती मोठं, धक्का कुठे, यावर वाद घालता येईल, आणि तो वाद कासवाच्या पाठीवरून खाली उतरलेला असेल. हरियाणात किती रोपं जगली याचा अहवाल दरवर्षी येईलच. त्याच्या आधी मला कोणीतरी एवढं सांगावं: गॅलाथियाच्या खोऱ्यात पहिलं झाड पडण्यापूर्वी, किती ओढ्यांचा पाचोळा चाळून झाला असेल?